हॅलो, बाँझूर: मॉन्क्टन-दिएपमध्ये दुकान आणि मंडळ दोन भाषांत कसं चालवायचं

कॅनडात अधिकृतपणे द्विभाषिक असलेला प्रांत एकच, तो म्हणजे न्यू ब्रन्स्विक. इथला पहिला राजभाषा कायदा 1969 चा. मॉन्क्टन शहराने 2002 मध्ये स्वतःला इंग्रजी-फ्रेंच द्विभाषिक जाहीर केलं, आणि असं करणारं ते देशातलं पहिलं शहर ठरलं. त्याच मॉन्क्टनमध्ये 1968 साली फ्रेंच विद्यार्थी नगरपालिकेवर मोर्चा घेऊन गेले, तेव्हा महापौरांनी त्यांचं म्हणणं फ्रेंचमध्ये ऐकून घ्यायलाही नकार दिला होता. शेजारचं दिएप बहुतांशी फ्रेंच बोलणारं आहे, तर नदीपलीकडचं रिव्हरव्ह्यू जवळजवळ पूर्ण इंग्रजी. या तीन गावांची बाजारपेठ मात्र एकच आहे. गिऱ्हाईक सकाळी दिएपला असतं, दुपारी मॉन्क्टनला.

या भागात आता मराठी घरंही आहेत. कुणी किराणा दुकान टाकतं, कुणी रेस्टॉरंट, कुणी घरून फराळाचे डबे देतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि इथली मंडळं चालवणाऱ्यांसाठीही.

सक्ती कशाची आहे, कशाची नाही

प्रांताचा राजभाषा कायदा सरकारी खाती, इस्पितळं, शहरांच्या नगरपालिका आणि व्यावसायिक परिषदा यांना लागू होतो. खासगी दुकानदाराला तो लागू नाही. तुम्ही फक्त इंग्रजीत दुकान चालवलंत तर प्रांत तुम्हाला विचारायला येणार नाही. पण तीन ठिकाणी भाषेचा नियम तुमच्यापर्यंत पोहोचतो. एक, बांधून विकलेल्या मालाचं लेबल; तो केंद्राचा कायदा आहे आणि सगळ्या देशाला लागू आहे. दोन, दिएपमधली बाहेरची पाटी. तिथे 2010 पासून नगरपालिकेचा नियम आहे की नव्या व्यावसायिक पाट्या दोन्ही भाषांत हव्यात आणि फ्रेंच आधी. तीन, प्रांताच्या वतीने एखादी सेवा पुरवण्याचं कंत्राट घेतलंत, तर ती सेवा दोन्ही भाषांत देणं बंधनकारक होतं.

क्वेबेकचे नियम वेगळे आहेत, ते इथे लावू नका. तिथे पाटीवर फ्रेंच ठळकपणे वरचढ असावी लागते. मॉन्ट्रियलच्या पाटीवाल्याकडून काम करून घेतलं तर तो सवयीने तशीच पाटी बनवून देईल.

«फ्रेंच कुणी मागतच नाही»

मॉन्क्टनचे नवे दुकानदार हे हमखास म्हणतात, आणि इथेच त्यांची गल्लत होते. अकेडियन, म्हणजे इथला पिढीजात फ्रेंच बोलणारा माणूस परक्या काउंटरवर गेला की आपसूक इंग्रजीवर येतो. वाद नको, समोरच्याला अवघडायला नको, म्हणून. मुंबईत मराठी माणूस टॅक्सीत बसल्या बसल्या हिंदी सुरू करतो, तसंच हे. त्यामुळे दुकानदाराला मागणी दिसत नाही, आणि मागणी दिसत नाही म्हणून तो सेवा ठेवत नाही. हे चक्र दुकानदारानेच तोडायचं असतं. गिऱ्हाइकाला भाषा मागावी लागता कामा नये, ती आधीच समोर ठेवलेली असली पाहिजे. सरकारी भाषेत याला सक्रिय प्रस्ताव म्हणतात. पुढचं सगळं याच एका तत्त्वावर उभं आहे.

फुटपाथपासून गल्ल्यापर्यंत

सुरुवात भाषांतरापासून करू नका, मोजणीपासून करा. दुकान बंद असताना हातात वही घ्या, फुटपाथवर उभं राहा आणि तिथून गल्ल्यापर्यंत चालत या. वाटेत दिसलेला प्रत्येक छापील शब्द टिपून घ्या: मुख्य पाटी, उघडायच्या वेळा, दारावरचं ओढा-ढकला, शेल्फवरच्या चिठ्ठ्या, मेनू, स्वच्छतागृहाची खूण, माल परत घेण्याचे नियम, पावती, पिशवी. मग प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा: कायद्याने हवं, सुरक्षेसाठी हवं, विक्रीसाठी हवं.

कामाचा क्रमही तोच ठेवा. लेबल आणि अॅलर्जीची माहिती सर्वांत आधी, मग दार आणि वेळा, मग मेनू, आणि सोशल मीडिया शेवटी. बरेच जण उलटं करतात. फेसबुकवर फ्रेंच पोस्ट टाकतात आणि ती वाचून आलेल्या बाईला मेनू मात्र फक्त इंग्रजीत मिळतो.

पाकिटावरचं लेबल

चकली, चिवडा, लाडू, मसाले आधीच पाकिटात भरून विकत असाल तर हा भाग दोनदा वाचा. पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, घटक, अॅलर्जी, टिकण्याची तारीख, साठवणुकीची सूचना, पोषणतक्ता लागू असेल तर तोही, हे सगळं इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत लागतं. उत्पादकाचं नाव-पत्ता तेवढा कोणत्याही एका भाषेत चालतो.

स्थानिक पदार्थांना एका भाषेची सूट आहे असं कुणी सांगेल. सूट आहे, हे खरं. पण ती फक्त अशा ठिकाणी मिळते जिथे दोनपैकी एक राजभाषा मातृभाषा असलेले लोक दहा टक्क्यांहून कमी आहेत. मॉन्क्टन आणि दिएप दोन्ही ठिकाणी अल्पसंख्य भाषा त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणजे इथे ही सूट धरून चालू नका.

आता बारकावे. अनिवार्य मजकुराचं अक्षर निदान 1.6 मिलिमीटर हवं, आणि ते मोजायचं लहान लिपीतल्या ‘ओ’ अक्षराच्या उंचीवर. वजनाचा आकडा पाकिटाच्या दर्शनी भागाच्या क्षेत्रफळानुसार मोठा होतो: 32 चौरस सेंटिमीटरपर्यंत 1.6 मिलिमीटर, त्यापुढे 258 पर्यंत 3.2, आणि त्यापुढे 645 पर्यंत 6.4. पाव किलो चिवड्याचं पाकीट सहसा मधल्या किंवा तिसऱ्या गटात पडतं. ग्रॅम, किलो, मिलिलिटरची चिन्हं दोन्ही भाषांत चालतात, म्हणून वजन एकदाच छापलं तरी पुरतं. माल 90 दिवस किंवा त्याहून कमी टिकणारा असेल तर «बेस्ट बिफोर / मेय्यर अव्हाँ» आणि तारीख हवी. तारखेचा क्रम वर्ष, महिना, दिवस. महिन्यासाठी दोन्ही भाषांना चालतील अशी दोन अक्षरी चिन्हं ठरवून दिली आहेत: जानेवारीला जेए, मार्चला एमआर, एप्रिलला एएल, मेला एमए, जूनला जेएन, जुलैला जेएल. मार्चचं एमआर आणि मेचं एमए यांत घोटाळा सर्वाधिक होतो. शिक्का बनवताना बाराही चिन्हं यादीशी ताडून घ्या.

अॅलर्जीच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकाचा खास प्रश्न आहे. कॅनडाच्या प्रमुख अॅलर्जी घटकांत मोहरी आहे, तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, गहू आणि दूध तर आहेतच. म्हणजे फोडणी दिलेला जवळजवळ प्रत्येक पदार्थ मोहरीच्या नियमात येतो. दुसरा सापळा हिंगाचा. बाजारात मिळणाऱ्या हिंगाच्या डबीत बहुधा गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. तुमच्या पोह्यांच्या चिवड्यात गहू नाही असं तुम्हाला वाटतं, आणि चिमूटभर हिंगातून तो आलेला असतो. डबीवरचे घटक वाचा, गहू असेल तर तो लेबलवर आलाच पाहिजे. घटकांच्या यादीला लागूनच «कंटेन्स» आणि «काँत्याँ» या दोन ओळी लिहा: मोहरीला मुतार्द, तिळाला सेझाम, शेंगदाण्याला आराशीद, गव्हाला ब्ले, दुधाला ले. इंग्रजी ओळीत चार घटक आणि फ्रेंच ओळीत तीन, ही चूक छपाईआधी हमखास सापडते. पाठ केलेलं नजरेतून सुटतं, म्हणून दोन्ही ओळी मोजून जुळवा.

पदार्थाचं मूळ नाव सोडू नका. थालीपीठ हे दोन्ही भाषांत थालीपीठच राहू द्या, खाली सामान्य नाव दोन्ही भाषांत द्या. पोह्यांसाठी फ्रेंचमध्ये «री आप्लाती», म्हणजे चपटा तांदूळ, असं साधं वर्णन पुरतं.

भाषांतर कुणाकडून

यंत्राचं भाषांतर मसुद्यापुरतं ठीक. लेबल, करार, सुरक्षेच्या सूचना आणि कायमची पाटी यांसाठी प्रमाणित भाषांतरकार घ्या. न्यू ब्रन्स्विकमध्ये भाषांतरकारांची स्वतःची प्रमाणित संस्था आहे, आणि मॉन्क्टन विद्यापीठात भाषांतर हा विषय शिकवला जातो. दर सहसा शब्दावर असतो, तेव्हा आधी इंग्रजी मजकूर छाटून घ्या. सुटे शब्द अडले तर केंद्र सरकारचा «तेर्मियम प्लुस» हा परिभाषाकोश आणि क्वेबेकच्या भाषा कार्यालयाचा कोश, दोन्ही फुकट आहेत.

पुण्या-मुंबईत अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेली किंवा आलियाँस फ्राँसेझला शिकलेली मुलं-मुली आपल्यात असतात. त्यांची मदत जरूर घ्या. मात्र ती युरोपातली फ्रेंच शिकून आली आहेत, हे ध्यानात असू द्या. इथे «देझने» म्हणजे सकाळची न्याहारी, «दिने» म्हणजे दुपारचं जेवण आणि «सुपे» रात्रीचं. फ्रान्सच्या पुस्तकावरून मेनू केलात तर दुपारची थाळी न्याहारीत जाते आणि रात्रीची दुपारी. रोख रकमेला इथे «काँताँ» म्हणतात, ईमेलला «कुरियेल», शनिवार-रविवारला «फँ द समेन».

अक्षरांवरच्या खुणा मोठ्या लिपीतही काढा. पाटीवाले त्या गाळतात. खुणेशिवाय «साले» म्हणजे खारट हा शब्द «साल» होतो, म्हणजे घाणेरडा, आणि फरसाणाच्या बरणीवर तो बरा दिसत नाही. सवलतीच्या इंग्रजी फलकावरचा «सेल» हा शब्दही फ्रेंच डोळ्याला तसाच वाचता येतो, म्हणून शेजारी «सॉल्द» हवंच. संगणकावर कॅनेडियन फ्रेंच कळफलक बसवून घ्या, म्हणजे खुणा टाळायला निमित्त उरत नाही.

लेखनाच्या रीतीही वेगळ्या. फ्रेंचमध्ये किमतीत दशांशाला स्वल्पविराम आणि डॉलरचं चिन्ह आकड्यानंतर. वेळ चोवीस तासांची, मध्ये «एच». वारांची आणि महिन्यांची नावं लहान अक्षराने. शीर्षकात फक्त पहिला शब्द मोठ्या अक्षराने. इंग्रजीच्या सवयीने प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू केला की फ्रेंच वाचकाला ते चटकन उपरं वाटतं.

पाटी

फ्रेंच मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण पाचव्या भागाने लांब होतो. आधी इंग्रजी बसवून उरलेल्या जागेत फ्रेंच कोंबलं की अक्षर बारीक होतं आणि मान राखल्याचा देखावा उघडा पडतो. म्हणून मांडणी फ्रेंचपासून सुरू करा. ती बसली की इंग्रजी बसतेच. दोन्हींचं अक्षर, जाडी आणि रंग सारखा ठेवा. महाराष्ट्रातल्या दुकान कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीत पाटीवरचं मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असं म्हटलं आहे, त्यामागचा विचार आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

दिएपमध्ये पाटीचा अर्ज करतानाच कोणता मजकूर दोन भाषांत हवा आणि दुकानाच्या नावाचं काय, हे नगरपालिकेकडून लेखी घ्या. पाटी बनल्यावर विचारू नका. दुकानाला मराठी नाव असेल तर खालच्या ओळीत धंदा काय आहे हे दोन्ही भाषांत लिहा.

तोंडी सेवा

खरी परीक्षा इथे. सुरुवात «हॅलो, बाँझूर» अशी, दिएपमध्ये «बाँझूर, हॅलो». दोन्ही शब्द एका दमात, सारख्या आवाजात. मग थांबा आणि गिऱ्हाईक कोणत्या भाषेत उत्तर देतं ते ऐका. त्याच भाषेत पुढे जा.

सगळ्या कर्मचाऱ्यांना फ्रेंच येणार नाही, तशी गरजही नाही. गरज आहे ती दुवा तुटू न देण्याची. फ्रेंच न येणाऱ्याने «बाँझूर» म्हटलं, समोरून भडाभडा फ्रेंच आली आणि हा गप्प, असं झालं तर न म्हटलेलं बरं होतं. म्हणून प्रत्येकाला एक वाक्य पाठ हवं: «अँनँस्ताँ, सिल् व्हू प्ले, झ व्हे शेर्शे केल्कँ की पार्ल फ्राँसे», म्हणजे क्षणभर थांबा, फ्रेंच बोलणाऱ्याला बोलावतो. आणि ते बोलून झाल्यावर खरंच कुणीतरी यायला हवं. दुसरं वाक्य, ज्याला जुजबी येतं त्याच्यासाठी: «झ पार्ल अँ प फ्राँसे». हे ऐकून अकेडियन गिऱ्हाईक हळू बोलतं, आणि बहुतेक वेळा व्यवहार फ्रेंचमध्येच पूर्ण होतो.

काउंटरचं काम करायला वीस-पंचवीस वाक्यं पुरतात. पिशवी हवी का, कार्ड की रोख, तिखट आहे का, इथे खाणार की नेणार, यात मोहरी आहे, आज संपलं. प्रत्येक वाक्य मराठी, इंग्रजी आणि देवनागरीत लिहिलेला फ्रेंच उच्चार अशा तीन रकान्यांत छापून गल्ल्यामागे चिकटवा. उच्चार एखाद्या अकेडियन सहकाऱ्याकडून तपासून घ्या. आकडे सर्वांत जड जातात. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा आणि सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-सतरा, तेव्हा नवख्याने रक्कम तोंडी सांगण्यापेक्षा यंत्राचा पडदा गिऱ्हाइकाकडे वळवावा. ओळख नसलेल्या मोठ्या माणसाला «व्हू» म्हणा, आपल्या «तुम्ही»सारखं.

मॉन्क्टनच्या तरुणांच्या तोंडी शियाक असते. ती फ्रेंच-इंग्रजी मिश्र बोली आहे, एका वाक्यात दोन्ही. पुस्तकी फ्रेंच शिकलेल्याला ती चुकीची वाटते आणि तो चटकन इंग्रजीवर येतो. तसं करू नका. ती त्यांची घरची बोली आहे आणि तिला उत्तर साध्या फ्रेंचमध्येच द्यावं. कुणाचंही फ्रेंच सुधारायला जाऊ नका. अकेडियन लोकांना 1755 मध्ये इंग्रजांनी घरादारांतून हाकललं होतं, त्यातून टिकलेली ही भाषा आहे.

कर्मचारी नेमताना जाहिरातीत नुसतं «द्विभाषिक हवा» लिहून भागत नाही. काम लिहा: फोनवर ऑर्डर घेणं, तक्रार ऐकून घेणं, ईमेल लिहिणं. बोलणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. मुलाखतीत पाच मिनिटांची खोटी विक्री करून पाहा. मग पाळीचं वेळापत्रक असं लावा की दुकान उघडं असताना निदान एक फ्रेंच बोलणारं माणूस कायम असेल. शनिवारची सकाळ सांभाळा, कारण दिएप आणि मॉन्क्टन या दोन्ही गावांचा शेतकरी बाजार शनिवारी भरतो. आणि फ्रेंच येणाऱ्या एकाच मुलीवर सगळं भाषांतर, सगळे फोन आणि सगळ्या तक्रारी लादू नका. ते जादा काम आहे, त्याचे पैसे द्या, नाहीतर ती सोडून जाते आणि तिच्याबरोबर दुकानाची अर्धी सेवाही जाते.

पावती, फोन, वेबसाइट

पावतीवर विक्रीकराला «एचएसटी / टीव्हीएच» लिहा. फोनवरचा ध्वनिमुद्रित निरोप दोन्ही भाषांत एकामागोमाग, तीस सेकंदांच्या आत. फ्रेंच भाग फ्रेंच बोलणाऱ्याच्या आवाजात. वेबसाइटवर भाषा निवडायला झेंडे लावू नका. अकेडियन झेंड्यावर फ्रान्सच्या तिरंग्यात सोनेरी तारा असतो, तेव्हा नुसता फ्रान्सचा तिरंगा लावला की आपण इथले नाही हे लगेच कळतं. भाषांची नावं शब्दांत लिहा, आणि भाषा बदलल्यावर माणूस त्याच पानावर राहील, मुखपृष्ठावर फेकला जाणार नाही, एवढं पाहा.

मंडळ आणि गाव

गणपती किंवा दिवाळीचा कार्यक्रम गावासाठी खुला असेल तर निमंत्रण, जेवणातले अॅलर्जी घटक, वेळा आणि आपत्कालीन सूचना तिन्ही भाषांत हव्यात. सूत्रसंचालनात प्रत्येक वाक्याचं भाषांतर करू नका, सभा दुप्पट लांबते आणि सगळेच कंटाळतात. दोन सूत्रसंचालक घ्या, त्यांनी अलटून पालटून वेगवेगळा मजकूर बोलावा, आणि फक्त वेळ, जागा, सुरक्षा एवढंच दोन्हींत सांगावं. एखाद्या सभेत फ्रेंच सदस्यांनाही मत द्यायचं असेल आणि तिथे समकालिक दुभाषी लागणार असतील तर दोन घ्या. एकटा दुभाषी अर्ध्या तासापलीकडे नीट टिकत नाही, म्हणून ते वीस-तीस मिनिटांनी बदलतात. ऐकण्याच्या यंत्रांचं भाडं वेगळं पडतं, ते अंदाजपत्रकात आधी धरा.

15 ऑगस्टचा दिवस विशेष. तो आपला स्वातंत्र्यदिन आणि अकेडियन लोकांचा राष्ट्रीय दिवसही. मॉन्क्टनजवळच्या मेमरामकुक इथल्या अधिवेशनात 1881 साली त्यांनी हा दिवस निवडला. त्या दिवशी लोक भांडी, शिट्ट्या, ताटल्या वाजवत रस्त्यावर उतरतात, त्याला «तँतामार» म्हणतात. झेंडावंदन सकाळी उरका आणि ढोल-ताशा पथक असेल तर आयोजकांना महिनाभर आधी फ्रेंचमध्ये पत्र लिहून सहभागाची परवानगी मागा. आपल्या कार्यक्रमाची वेळ त्यांच्या मिरवणुकीवर ठेवू नका.

भाषा शिकायची तर नवागतांसाठी मॉन्क्टनमध्ये काफी ही फ्रेंचभाषक स्वागतसंस्था आणि मॅग्मा ही बहुसांस्कृतिक संस्था आहे. धंद्याच्या ओळखींसाठी बृहन्मॉन्क्टनच्या वाणिज्य मंडळाबरोबरच फ्रेंच उद्योजकांच्या प्रांतिक आर्थिक परिषदेच्या कार्यक्रमांनाही जा. पुष्कळ जण पहिल्याकडेच जातात आणि दिएपचे पुरवठादार त्यांना कधी भेटतच नाहीत.

चाललंय का, हे कसं कळेल

गल्ल्याशेजारी कागद ठेवा आणि महिनाभर फक्त एवढंच टिपा: «हॅलो, बाँझूर»ला पहिलं उत्तर कोणत्या भाषेत आलं, आणि व्यवहार शेवटी कोणत्या भाषेत पूर्ण झाला. सुरुवात फ्रेंच, शेवट इंग्रजी अशा रेघा कोणत्या पाळीत वाढतात ते पाहा, अडचण त्या पाळीच्या माणसांत किंवा वेळापत्रकात असते. पहिले काही आठवडे फ्रेंच उत्तरं कमी येतील, कारण जुनी सवय सुटायला वेळ लागतो. तेवढ्यावरून बंद करू नका. दर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा वही घेऊन फुटपाथपासून चालत या. नवी ऑफर, नवा पदार्थ, सुट्टीची हाताने लिहिलेली चिठ्ठी, यांतून एकभाषिक कागद पुन्हा शिरतात. दारावरची «आज बंद» ही चिठ्ठी सर्वांत आधी तपासा, ती घाईत लिहिलेली असते आणि नेहमी एकाच भाषेत असते. दोन्ही भाषांतल्या अशा चिठ्ठ्यांचे चार-पाच नमुने आधीच छापून खणात ठेवले की हा प्रश्न उरत नाही.